चौदाव्या दिवसाची वाडी

आमच्या घराण्यात माणूस गेल्यावर तेरा दिवस मासळी शिजत नाही. चौदाव्या दिवशी तिखटाची वाडी घालतात. वाडी म्हणजे गेलेल्याच्या आवडीचे पदार्थ वाढलेलं पान. ते अंगणाबाहेर ठेवायचं आणि कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवला की समजायचं, माणूस तृप्त झाला, मागच्यांवर राग धरून गेला नाही. मग घरच्यांनी जेवायचं.

माझ्या यजमानांची, चंद्रहासांची वाडी आम्ही डब्लिनला घातली, सँट्रीत, मुलाच्या घरामागे. १२ मे २०२१, बुधवार. त्यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही. इथे एकदा लिहिलं, आता पुढे 'हे' म्हणूनच लिहिते.

हे देवगडला गेले, २९ एप्रिलला, कोरोनाने. मी जवळ नव्हते. चौदा महिने नव्हते.

विक्रांत आमचा एकुलता एक. सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याची बायको ज्ञानदा नागपूरची, मेनूथच्या विद्यापीठात रसायनशास्त्राचं संशोधन करते. २०२० च्या फेब्रुवारीत तिचं नवीन काम सुरू होणार होतं आणि पाच वर्षांच्या कौमुदीला बघायला घरात कुणी नव्हतं. "तीनच महिने, बाबा," विक्रांत म्हणाला. ह्यांनी स्वतः मला मुंबईच्या विमानतळावर आणून सोडलं. वर म्हणाले, "हापूस उतरायच्या आत ये. एकट्याने आंबो खाववत नाय माका."

मी पोचले आणि महिन्याभरात विमानं बंद झाली. पुढे सुरू झाली तेव्हा विक्रांत म्हणाला, "आई, तुला दमा आहे. दोन विमानं बदलायची, चौदा-पंधरा तास मास्क लावायचा. नको. लस आली की मी स्वतः सोडतो." मी बरं म्हटलं. मी भित्रीच आहे. आणि खरं सांगायचं तर कौमुदीचा लळा लागला होता. त्यामुळे विक्रांतने अडवलं तेव्हा मी फार हट्ट केला नाही. पण ह्यांच्या मनात दोष गेला तो सगळा विक्रांतकडे.

दिवाळीत ह्यांनी त्याला फोनवर सांगितलं, "माजी बायल माका परत धाडून दी. तोवर माका फोन करू नको." विक्रांत म्हणाला, "बाबा, जरा समजून घ्या ना." फोन ठेवलेला होता. त्यानंतर हे रोज संध्याकाळी माझ्याशी बोलत, कौमुदीशी बोलत, ज्ञानदाची चौकशी करत. विक्रांत पलीकडे बसलेला असे. त्याचं नावही घेत नसत.

दवाखान्यातून पुतण्याने एकदा व्हिडिओ लावून दिला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. हे माझ्याकडे बघत राहिले. मग विक्रांत माझ्या खांद्यावरून पुढे वाकला, "बाबा" म्हणाला, आणि ह्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी गेले.

डोळे थकून मिटले की रागाने मिटले, एवढी एकच गोष्ट विक्रांत त्या तेरा दिवसांत मला विचारत होता. भांडी घासताना विचारी. कौमुदीचे बूट बांधता बांधता विचारी. "तू चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिलीस. तुला कळत असेल ना गं?"

"थकले होते रे."

"नक्की?"

मला नक्की माहीत नव्हतं. मी सांगितलं, "वाडीच्या दिवशी कळेल."

माझ्या तोंडून हे निघून गेलं आणि त्याने ते धरून ठेवलं.

*

माझे काही नेम आहेत. पहाटे जप. सोमवार, गुरुवार, शनिवार उपास. आणि रोज जेवायच्या आधी कावळ्याला घास. इथे आल्यावर विमानं बंद झाली त्याच आठवड्यात ग्रामदेवीला आणखी एक बोलले होते: ह्यांची भेट होईपर्यंत मासळी तोंडाला लावणार नाही.

विक्रांतच्या घरामागे टीचभर हिरवळ आहे आणि विटांची भिंत. त्या भिंतीवर मी रोज घास ठेवी. इथले कावळे निराळे, राखाडी बंडी घातल्यासारखे. पहिले चार दिवस संशयाने बघत होते, मग रोज माझ्या आधी हजर. त्यांच्याबरोबर एक थोराड समुद्रपक्षी येऊ लागला, पिवळ्या चोचीचा. कौमुदीने त्याचं नाव ठेवलं 'बॉस'. बॉस काहीही खाई. पोळी, वरणभात, साबुदाण्याची खिचडी, एकदा तर लिंबाच्या लोणच्याची फोड. ती गिळून त्याने मान झटकली आणि अजून आहे का म्हणून माझ्याकडे बघत उभा राहिला. कौमुदी हसून हसून लोळली होती.

तर ह्यांची आवड म्हणजे शिनाणे. खडकाला चिकटलेल्या काळ्या शिंपल्या. हे शाळेत कारकून होते. रविवारी ओहोटीला खुरपं आणि गोणपाट घेऊन खडकावर जायचे आणि विक्रांतला बरोबर न्यायचे. तोंड मिटलेले घ्यायचे, उघडे टाकायचे, पाण्याच्या रेषेखालचे घ्यायचे, हे सगळं त्याला त्यांनीच शिकवलं.

"दुकानात मिळतील ना रे?" मी विचारलं.

"दुकानातल्या नकोत. मी स्वतः काढून आणतो. बाबांना ते चालेल."

दहा मेला सरकारने एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायची बंदी उठवली. अकरा तारखेला तो पहाटेच निघाला आणि तीन तास गाडी चालवून पश्चिमेच्या किनाऱ्यावर गेला. दुपारी परत आला तो पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, बोटं कापलेली. बादलीवर ओलं फडकं. किती दिवसांनी त्याचा चेहरा उजळलेला दिसला.

"बघ, आई. देवगडच्या दुप्पट आहेत."

मी फडकं उचललं. निळसर काळ्या, टपोऱ्या, घट्ट मिटलेल्या. समुद्राचा स्वच्छ वास.

"कुणी ओरडलं नाही ना तुला? दुसऱ्यांचा किनारा."

"एक म्हातारा होता, कुत्रा घेऊन. म्हणाला, 'आय वुडन्ट, सन. नॉट धिस मंथ.' त्यांचं काहीतरी आहे, मे ते ऑगस्ट शिंपल्या खायच्या नाहीत असं."

"वैशाखात तर भरलेल्या असतात. पावसात खायच्या नसतात."

"तेच म्हटलं मी त्याला. म्हणजे मनात म्हटलं." तो हसला. "पुढे म्हणाला, 'यू'ल बी ग्रँड, प्रॉबब्ली.' मग परत म्हणाला, 'आय स्टिल वुडन्ट.' युअर मॅनचं, त्या म्हाताऱ्याचं, काही ठरत नव्हतं."

ज्ञानदा प्रयोगशाळेतून आली, तिने बादलीत डोकावलं. ती जन्माची शाकाहारी. नाक मुरडून म्हणाली, "जिवंत आहेत का ह्या? माझी कढई नको हं बाटवू, विक्रांत."

"जुनं पातेलं घेते," मी म्हटलं. तेही हसण्यावारी गेलं. त्या घरात बारा दिवसांनी कुणी हसलं होतं.

*

बुधवारी ज्ञानदा कामावर गेली. विक्रांतने रजा घेतली होती. कौमुदीच्या पोटात दुखत होतं म्हणून ती घरीच होती. मला वाटतं, तिला वाडी बघायची होती.

मी अंघोळ करून सोवळ्यानेच रांधलं. शिनाणे चार पाण्यांनी धुतले, वाफवले, उघडले नाहीत ते टाकले. खोबरं, हळद, बेडगीची मिरची, घरून आणलेली सोलं. आणि तिरफळं. शिंपल्यांत तिरफळं कुणी घालत नाही, पण ह्यांना कशातही लागायची. ओठांना मुंग्या आल्या पाहिजेत, म्हणायचे, नाहीतर जेवल्यासारखं वाटत नाही. मी चांगली मूठभर ठेचून घातली. मी स्वतः चाखलं नाही. देवीला बोलले होते ते ह्यांच्या भेटीपर्यंतचं होतं. आता भेट नाही, म्हणजे ते जन्मभराचं झालं होतं.

केळीचं पान भारतीय दुकानातून आणलं होतं. त्यावर भात, शिनाणे, सोलकढी, उडदाचे वडे. साडेबाराला विक्रांतने पान भिंतीवर ठेवलं. आम्ही तिघं स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलो.

कावळे आले. नेहमीचे दोन. एकाने भाताचं एक शीत उचललं असं मला वाटलं, पण नाही, त्याने नुसती चोच पुसली. दोघं कडेकडेने चालले, मान वाकडी करून बघितलं आणि उडून छपरावर जाऊन बसले. मग बॉस आला. थेट पानावर उतरला. एक शिनाणा उचलला, मान मागे टाकून गिळायला गेला. आणि त्याने तो थुंकून टाकला. मान झटकली. चोच विटेवर या बाजूने, त्या बाजूने घासली. पानाकडे परत एकदा बघितलं आणि निघून गेला.

"आज्जी, ही स्पॅट इट आउट," कौमुदी म्हणाली.

"गप गं."

"बट ही डिड! इट्स यकी. बॉस ईट्स एव्हरीथिंग."

"कौमुदी, आत जा," विक्रांत म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण ती लगेच गेली.

आम्ही थांबलो. एक वाजला, दीड वाजला. कावळा शिवत नसेल तर घरच्यांनी काहीतरी कबूल करायचं असतं. गेलेल्याच्या मनात काय अडकलंय ते ओळखून बोलायचं. विक्रांत हिरवळीवर चपला काढून उभा राहिला आणि हात जोडले.

"बाबा, आईला मी घेऊन येतो. पुढच्या महिन्यात येतो." कुणी आलं नाही. "घर विकणार नाही, बाबा." नाही. "कौमुदीला मराठी लिहायला-वाचायला शिकवीन." मग एकदम मालवणीत म्हणाला, लहानपणी बोलायचा तसं, "बाबानू, चुकलंय मी. माका माफ करा." आणि हा छत्तीस वर्षांचा माणूस त्या ओल्या गवतावर गुडघे टेकून बसला.

कावळे छपरावरून बघत होते.

रोज माझ्या हातचं खाणारे पक्षी. कोणत्या मिरचीला ते ठसकतात, कोणत्या वारी उशिरा येतात, सगळं मला ठाऊक होतं. त्यांनी जे सांगितलं ते त्यांचं म्हणून मी ऐकलंच नाही. मला वाटलं, हेच रागावून बसलेत. मला ह्यांचाच राग आला. किती छळायचं ते लेकराला!

मी भिंतीपाशी गेले. पान उचलून आत आणलं, विक्रांतला हाताला धरून पाटावर बसवलं आणि ते त्याच्यापुढे ठेवलं.

"तू खा."

"शिवला नाही ना, आई."

"नसू दे. त्यांचं रक्त तुझ्या अंगात आहे. तू खाल्लंस की त्यांनी खाल्लं. तुझ्या तोंडून त्यांना घेऊ दे."

"असं चालतं?"

"चालतं," मी म्हटलं. असं कुणी मला सांगितलेलं नव्हतं. त्या क्षणी मनात आलं ते बोलले.

त्याने पहिला घास डोळे मिटून घेतला. तेरा दिवसांत तो धड जेवला नव्हता. मग जेवत गेला. मी वाढत गेले. पातेल्यातला रस वाटीत ओतून दिला, तो त्याने पिऊन टाकला. चार शिनाणे उरले तेवढे पातेल्यात राहिले.

"बाबांना आवडलं असतं," तो म्हणाला. आणि ओठांवरून बोट फिरवून हसला. "किती तिरफळं घातलीस गं? ओठ बघ, माझे राहिलेच नाहीत."

"त्यांच्या मापाने घातली."

"मग बरोबर आहे."

आम्ही दोघं हसलो. अडीच वाजले असतील.

तीनला म्हणाला, बोटांच्या टोकांना मुंग्या येतायत. मी म्हटलं, थंडीत उघड्यावर उभा होतास तासभर. साडेतीनला सोफ्यावर आडवा झाला. "आई, गंमत वाटतेय. तरंगल्यासारखं वाटतंय. अंगाला वजनच नाही."

"मनावरचं ओझं उतरलं की तसंच होतं, बाळा." मला खरंच तसं वाटलं. वाटलं, पावलं. ह्यांनी घेतलं. मी देवापुढचा अंगारा आणून त्याच्या कपाळाला लावला आणि शेजारी जप करत बसले.

चारच्या सुमाराला तो काहीतरी बोलला आणि मला शब्द कळले नाहीत. जीभ जड झाली होती. "काय रे?" तो पुन्हा बोलला. "ग्रँड आहे गं," असं म्हणाला असावा. इथे कुणालाही कसं आहेस विचारलं की ते हेच म्हणतात. हात उचलायला गेला तो उचलेना. तेव्हा मी घाबरले.

दारात किल्ली वाजली. ज्ञानदा आली. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं, मग पातेल्याकडे बघितलं. "किती वाजता खाल्लं?" एवढंच विचारलं आणि फोन लावला. तिचा आवाज अगदी शांत होता. पत्ता सांगितला, वय सांगितलं, शिंपल्या म्हणाली. मग फोन कानाला तसाच धरून गुडघ्यावर बसली आणि त्याच्या छातीवर हात ठेवून मोजू लागली.

रुग्णवाहिका आली. गल्लीच्या तोंडापाशी पोचायच्या आत त्याचा श्वास थांबला. मग हृदय थांबलं. ते त्यांनी परत सुरू केलं, पण मधे किती वेळ गेला ते मला कुणी नीट सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

*

त्या दिवसांत इस्पितळात एकालाच सोडत होते. ज्ञानदा तिथे राहिली, मी कौमुदीजवळ.

गुरुवारी सकाळी सरकारी आरोग्य खात्याची एक बाई आली, मास्क आणि निळे हातमोजे घालून. फार हळू बोलत होती. मला इंग्रजी थोडं कळतं, बोलता येत नाही. म्हणून कौमुदी मधे उभी राहिली, मी मराठीत सांगितलेलं तिला सांगायला. सहा वर्षांची पोर.

बाईने पातेलं पिशवीत घातलं. टरफलं वेचली. कुठल्या किनाऱ्यावरची ते विचारलं. त्या खाडीतून शिंपल्या काढायला सोमवारपासूनच बंदी होती म्हणाली. समुद्रात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ वाढतं, शिंपल्या ते गाळून खातात, त्यांना काही होत नाही. ते विष त्यांच्यात साठतं. सॅक्सिटॉक्सिन. चव नाही, वास नाही.

"शी बॉइल्ड इट," कौमुदी म्हणाली. "माय आज्जी बॉइल्ड इट फॉर एजेस."

उकळून जात नाही, बाई म्हणाली. तळून नाही, गोठवून नाही. त्याने आधी ओठ बधिर होतात, मग बोटं. माणसाला तरंगल्यासारखं वाटतं.

मी खुर्चीची पाठ धरली.

मग ती तिच्या कागदावरून वाचू लागली. घरात आणखी कुणी खाल्लं का? मी मान हलवली. प्राण्याने? कुत्र्या-मांजराने?

"द सीगल ट्राइड," कौमुदी म्हणाली. "बट ही स्पॅट इट आउट."

"क्लेव्हर गल," बाई लिहिता लिहिता म्हणाली. "दे कॅन टेस्ट इट, यू नो. सम ऑफ देम." आणि मग तिची लेखणी थांबली. तिने वर बघितलं, माझ्याकडे. मास्कवरचे तिचे डोळे मला अजून दिसतात. "आय'म सो सॉरी," ती म्हणाली.

कौमुदीने तेही मला सांगितलं. "आज्जी, शी सेज शी'ज सॉरी."

*

दुपारी ज्ञानदाचा फोन आला. "आई, डॉक्टर म्हणतायत त्याच्याशी बोला. ऐकू येतं की नाही ते सांगता येत नाही, पण बोला. मी फोन त्याच्या कानाशी धरते."

यंत्राचा आवाज येत होता. भाता चालवल्यासारखा, एका तालात.

मला आठवतं तेव्हापासून मी खोटं बोलले नाही. त्याची मला घमेंडही होती थोडी. पक्षी का थुंकला ते मला त्या वेळी कळलेलं होतं. ह्यांचा राग नव्हता, ह्यांचा लोभ नव्हता, त्या भिंतीवर हे नव्हतेच. होतं ते फक्त विष, आणि ते मी माझ्या हाताने वाढलं होतं.

"विक्रांत," मी म्हटलं. "आई बोलतेय. कावळा शिवला रे, बाळा. तुला नेल्यावर आला. उरलेलं पान मी परत भिंतीवर ठेवलं होतं, ते त्याने सगळं खाल्लं. शीतसुद्धा ठेवलं नाही. बाबा रागावलेले नाहीत. ते थकले होते. नुसते थकले होते."

पलीकडे तोच आवाज, एका तालात. मग ज्ञानदाचा हुंदका.

शुक्रवारी सकाळी विक्रांत गेला.

त्याला मुलगा नव्हता, आणि विमानाने कुणी येऊ शकत नव्हतं. अग्नी ज्ञानदाने दिला, म्हणजे तिथे एक बटण असतं ते दाबलं. दहा माणसांनाच परवानगी होती. आम्ही सहाच होतो.

*

जुलैत एका रविवारी ज्ञानदा त्याचे कपडे आवरत होती. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. प्रेसमधून एकेक शर्ट काढून ती घडी घाली आणि मी पेटीत ठेवी. मधूनच म्हणाली, "आई, एक सांगू? कावळा शिवला ते तुम्ही त्याला सांगितलंत ना, त्यावर मी उभी आहे."

मी शर्ट हातात धरून थांबले.

"मला तुमचा राग येतो. खोटं कशाला बोलू? रोज येतो. मग मी स्वतःला सांगते, त्या कावळ्यानेसुद्धा खाल्लं. पक्ष्याला कळलं नाही, तर आईंना कसं कळणार? कुणालाच कळलं नसतं. मग तो राग जातो. दुसऱ्या दिवशी परत येतो." तिने एक निळा शर्ट उलगडून परत घडी घातली. "खरंच शिवला ना हो, आई?"

मी हो म्हणू शकले असते. एकदा बोललेलं खोटं दुसऱ्यांदा बोलायला किती सोपं असतं ते त्या क्षणी मला कळलं. विक्रांतसाठी म्हणून बोलले होते, ते आता माझ्यासाठीच उपयोगी पडत होतं.

"नाही," मी म्हटलं.

ती घडी घालत राहिली.

"कावळे जवळ आले नाहीत. तो मोठा पक्षी आला, त्याने तोंडात घेऊन थुंकून टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत. विक्रांतने नको म्हटलं होतं. मी त्याला बसवून खायला लावलं. ओठ बधिर झाले म्हणाला, मी तिरफळं समजले. तरंगल्यासारखं वाटतंय म्हणाला, मी अंगारा लावला."

ज्ञानदा पलंगाच्या कडेवर बसली. मग तिने विचारलं, "फोनवर त्याला खोटं सांगितलंत?"

"हो."

"ते बरं केलंत." मग मांडीवरच्या शर्टाची बाही सरळ करत म्हणाली, "आणि मला कशाला खरं सांगितलंत?"

"तू विचारलंस म्हणून."

"मी हो ऐकायला विचारलं होतं."

खालून टीव्हीचा आवाज येत होता. कौमुदी काहीतरी कार्टून बघत होती आणि मधेच हसली.

"तिने बघितलंय सगळं," ज्ञानदा म्हणाली. "आत्ता तिला कळत नाही. दहा वर्षांची होईल, पंधरा वर्षांची होईल, तेव्हा एक दिवस जुळवेल आणि विचारेल. त्या दिवशी मी तोंड उघडणार नाही. तुम्ही सांगायचं. आत्ता जसं सांगितलंत तसंच."

"तोवर मी असेन का गं?"

"असायचं," ती म्हणाली आणि उठून पुढचा शर्ट काढला.

सप्टेंबरात पुतण्याचा देवगडहून फोन आला. काकू, विमानं सुरळीत झाली, घर बंद आहे, या आता. मी त्याला सांगितलं, किल्ली तुझ्याकडेच ठेव.

आता स्वयंपाक ज्ञानदा करते. मी भाजी निवडून देते, कणीक मळते, पण चुलीपाशी ती उभी राहते. मला तिने मज्जाव केलेला नाही. मीच जात नाही, आणि तिने ये म्हटलं नाही. ती मला गोळ्या वेळेवर देते, दम्याचा पंप संपायच्या आत नवा आणते. थंडी पडायच्या आधी लोकरीचे मोजे आणून दिलेन. बोलते माझ्याशी, कामापुरतं. फक्त त्या रविवारपासून तिने मला आई म्हणून हाक मारलेली नाही. अहो म्हणते, आणि मी दुसऱ्या खोलीत असले तर कौमुदीला पाठवते.

आत्ताही कौमुदी दारात येऊन उभी आहे. "आज्जी, मम सेज डिनर'स रेडी."

मी उठते.